माहेर थंडीचं, सासर उन्हाचं

भोगीची सकाळ होती. आमच्या आणि अक्कांच्या रानामध्ये तारेचं कुंपण आहे. पण शेवग्याच्या बुंध्याजवळ वरची तार वर आणि खालची तार खाली वाकवून एक पातेलं निघेल एवढी फट आम्ही दोघींनी गेल्या वीस वर्षांत पाडून ठेवली आहे. त्या फटीतून विरजण जातं, कढीपत्ता जातो, चुकून इकडं आलेलं सोसायटीचं पत्र जातं. बातम्यांना फट लागत नाही, त्या तारेवरूनच जातात.

"बाई, आहात का?"

मला शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खा पाटस मला बाईच म्हणतो. अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्याही बाईच म्हणतात. मी शाल गुंडाळून गेले तर फटीतून तीळ लावलेल्या बाजरीच्या चार भाकरी आणि भोगीच्या भाजीचं पातेलं आधीच इकडं आलेलं. भाजीत सोलाणे, पावटा, गाजर, बोरं, सगळं. वाफ निघत होती आणि अक्कांच्या तोंडातूनही वाफच निघत होती.

"आज लई गारठा पडलाय गं बाई. हात धुवायला गेले तर पाणी चावलं."

"हा कसला गारठा," मी म्हणाले. "आमच्या शिरूरला..."

"झालं! निघाली शिरूरची थंडी."

हे आमचं दरवर्षीचं आहे. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, इनामगावच्या शेजारचं. पुणे जिल्ह्यात थंडीची लाट आली की वेधशाळेच्या आकड्यांत शिरूरचं नाव येतं आणि मी ते पेपरात वाचून उगीच मनात फुगते, जसं काही ती थंडी आमच्या वडिलांनी पाडली. इनामगावला डेक्कन कॉलेजची माणसं १९६८पासून पुढं बरीच वर्षं पांढरीची टेकाडं उकरत होती. आम्ही पोरं शाळा सुटल्यावर खड्ड्याच्या कडेला उभी राहून बघायचो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांचं मुख्य पीक जव होतं म्हणे, म्हणजे थंडीत येणारं. नदीचं पाणी पाटानं वळवून घेत होते. हे मी अक्कांना सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "म्हंजे तुमच्या माहेरची थंडी तवापासनं बढाई मारतीय."

पण त्या दिवशी थंडीवर फार वेळ गेला नाही. अक्कांच्या पोटात काहीतरी होतं. त्यांनी पदर खोचला, इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणला. आजूबाजूला ऐकायला एक गाय आणि दोन साळुंक्या होत्या.

"तुमच्या धाकट्यानं दारूची द्राक्षं लावलीत, हे आमच्या जावेला वरवंडच्या बाजारात कळलं. कुंपण आमच्या दोघींचं, आन् बातमी वरवंडहून यावी?"

मी हसले, पण पकडलेही गेले. माझ्या धाकट्या लेकानं ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत द्राक्ष लावलं हे अक्कांना माहीत होतं. न दिसायला त्या काही आंधळ्या नाहीत. पण कसलं द्राक्ष ते मी सांगायचं टाळलं होतं. घर माळकऱ्यांचं. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गळ्यात पन्नास वर्षं तुळशीची माळ. वाइन हा शब्द आमच्या घरात चहाबरोबर निघत नाही.

"दारूची असं नाही हो अक्का. रस काढतात, जॅम करतात, बेदाणा होतो, आणि वाइनही होते."

"तेच ते. मला वेड्यात काढू नका. मी बोरीची लेक आहे."

हे मात्र खरं. इंदापूर तालुक्यातलं बोरी म्हणजे द्राक्षाचं गाव, तिथली पोर पाळण्यात असल्यापासून मांडवाखाली वाढते. अक्का तारेवरून वाकून बघत म्हणाल्या, "घड बघा की. मुठीएवढा. मणी बारीक. थिनिंग केलं न्हाई, मणी फुगवायच्या जीएत बुडवलं न्हाई. आन् परवा एक मणी मी तोडून खाल्ला, न विचारता, तर आत बी. असला माल मुंबईचा व्यापारी हातात तरी धरंल का? मला तवाच वाटलं, ह्यात काहीतरी भानगड हाय. कुणाची पोर ही? कुठनं आणली?"

सोयरीक असो की झाड, अक्कांना कूळ लागतं. मग मी सगळं सांगितलं.

या वाणाला नाव नाही, नंबर आहे: एआरआय-५१६. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तयार केलेला. ही संस्था १९४६ सालची; शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे पहिले कर्तेधर्ते, आणि तिचं प्रयोगाचं रान इथून लांब नाही, बारामती तालुक्यात होळला आहे. वाणाची आई काटाबा. बाप ब्यूटी सीडलेस, कॅलिफोर्नियातली बिनबियांची काळी.

"काटाबा? कुठलं गाव?"

"अमेरिकेतलं. तिथल्या काटाबा नदीवरून नाव पडलं. तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो, त्या बर्फात उभी राहणारी जात. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी सिनसिनाटी नावाच्या शहराजवळ एका लाँगवर्थ नावाच्या माणसानं तिची फसफसणारी वाइन केली, ती इतकी गाजली की लाँगफेलो कवीनं तिच्यावर कविता लिहिली."

"आन् मग?"

"मग रोग आला. काळा करपा, भुरी. बागाच्या बागा गेल्या."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आईच रोगट. आन् पोर तुम्ही औषधाला कमी लागती म्हणून लावली?"

मी गप्प झाले. प्रश्न बिनतोड होता. मग धाकट्यानं मागं समजावलेलं आठवलं, ते असं. अमेरिकेतली जंगली द्राक्षं आणि तिकडचे बुरशीचे रोग हे एकाच गल्लीत वाढलेले. भांडणं झाली तरी एकमेकांना ओळखून आहेत. युरोपातल्या द्राक्षाला त्या रोगांची ओळखच नव्हती, म्हणून ते पहिल्याच फटक्यात झोपतं. आपली थॉमसन, सोनाका, शरद, सगळी त्या युरोपी-इराणी घराण्यातली. काटाबा अमेरिकेतही पडली, कारण ती पूर्ण अमेरिकी नाही, तिच्यातही थोडं युरोपी रक्त आहे. पण थॉमसनच्या मानानं दणकटच. तिच्या लेकीनं आईचा दणकटपणा घेतला आणि बापाचं गोड तोंड घेतलं.

"आन् वास?" अक्का म्हणाल्या. "वास कुणाचा घेतलाय? मी बोरीत असला वास कधी घेतला न्हाई."

वास आईचा. काटाबाच्या जातीला इंग्रज लोक कोल्ह्याच्या नावानं ओळखतात, कोल्हेद्राक्ष म्हणतात, आणि त्या उग्र गोड वासालाही कोल्ह्याचाच वास म्हणतात. आपल्याकडं बेंगलोर ब्लूला तसाच येतो. हे ऐकून अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट ठाऊक होतं. द्राक्षालाच कोल्ह्याचा वास, हे तुमच्याकडंच ऐकलं." आता त्या धाकट्याच्या बागेला कोल्हेबाग म्हणतात. गावात ते नाव पसरलं आहे. दारूची बाग यापेक्षा बरं, म्हणून मीही विरोध करत नाही.

थंडीच्या मुलखातली अशी दुसरी एक सोयरीक आहे, तीही सोलापूर रस्त्यावरच. मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र झालं, तिथं मांजरी मेडिका नावाचा वाण काढला, रसासाठी. गरही रंगीत. तिची आई पुसा नवरंग, दिल्लीची. आणि त्या पुसा नवरंगची आई कोण, तर मादलेन आंजव्हिन, फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. मादलेन हे नाव का, तर संत मादलेनचा दिवस २२ जुलैला येतो आणि तिकडच्या थंडीत इतकी लवकर पिकणारी द्राक्षं कौतुकाची, म्हणून तशा जातींना तिचं नाव देतात. इंग्लंडसारख्या उन्हाला महाग असलेल्या देशात अजून हौशी लोक ती लावतात. अशा बाईची नात आता हडपसरच्या पलीकडं, ४० अंशाच्या उन्हात मांडवावर चढून बसली आहे. मला या बायांचं फार वाटतं. मी शिरूरहून इकडं दौंड तालुक्यात आले तर पहिला उन्हाळा रडून काढला होता. आणि अंतर किती, तर एसटीनं दोन-अडीच तास.

"पण बाई, थंडीतली पोर उन्हात दिली तर तिनं फळावं कसं? ते सांगा."

हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर अक्कांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते या बाजूनं कधी बघितलं नव्हतं.

थंड मुलखात वेलीचं वर्ष निसर्ग ठरवतो. थंडी पडली की पानं गळतात, वेल झोपते. चीनच्या निंगशियात तर हिवाळ्यात वेली खाली ओढून मातीनं झाकतात, वसंतात पुन्हा उकरून काढतात. मग एप्रिलमध्ये डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष पिकतं. वर्षाला एक झोप, एक पीक. आमच्याकडं वेलीला झोपच येत नाही. सोडून दिली तर बारा महिने वाढत राहील, आणि घड द्यायचं विसरून जाईल. म्हणून आम्ही कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळं खरडून काढायचं, ओलांड्यावर नव्या काड्या येऊ द्यायच्या. त्या काड्यांच्या डोळ्यांत चाळीस ते सत्तर दिवसांच्या आत, भर उन्हाळ्यात, पुढचा घड गुपचूप तयार होतो. आमच्याकडचे शेतकरी त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात, तिसरी पास माणूसही तो शब्द न अडखळता म्हणतो. आणि मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. दोन कात्र्यांच्या मध्ये आपला हिवाळा. तोही खोटा, पण वेल फसते.

"पेस्ट लावली होती ना ह्यांना?" अक्कांनी विचारलं.

लावली होती. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते वेलीला सांगतं की थंडी संपली, ऊठ. थंडी आलेलीच नसते. आणि त्या औषधाची गंमत म्हणावी की दहशत, ते लावणाऱ्यानं त्या दिवशी आणि पुढं काही दिवस दारूला शिवायचं नाही. शिवलं तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, श्वास कोंडतो. बोरीला एक गडी संध्याकाळी नेहमीप्रमाणं बसला आणि रात्री त्याला जीपमध्ये घालून न्यावं लागलं; अक्कांच्या भावानं स्वतः नेला. "वाइनच्या बागेत दारूबंदी," अक्का म्हणाल्या. "हे आत्याबाईंना सांगा, त्यांना बरं वाटंल."

मग मी त्यांना गुलाबी मण्यांचं विचारलं, आणि तिथं आमच्या गप्पा थोड्या वेगळ्या वाटेला गेल्या.

बोरीच्या भावाकडं थॉमसनची एक बाग आहे. एका जानेवारीत अशीच थंडी पडली, रात्री दहाच्या खाली आणि दुपारी तिशीला, आणि हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा आली. व्यापारी आला, घड हातात फिरवला, म्हणाला पिंक आलंय, आणि भाव पाडला. तेव्हापासून त्या घरात डिसेंबर लागला की बायका घडाघडाला जुने पेपर गुंडाळतात. अक्कांनी स्वतः माहेरपणाला गेल्यावर गुंडाळले आहेत. किती, तर हातांना शाई लागून भाकऱ्या काळ्या झाल्या. "माझ्या भावाला थंडी म्हंजे वैरी," त्या म्हणाल्या. "गारठा पडला की त्याला झोप न्हाई."

"आणि आमच्या धाकट्याला गारठा पडला नाही तर झोप नाही," मी म्हणाले.

कारण तीच थंडी. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा ताण पडला की मण्याच्या सालीत रंग भरतो. हिरव्या थॉमसनला तो डाग, काळ्या द्राक्षाला तोच शृंगार. आणि रंगापुरतंच नाही. रात्री वेल श्वास घेते, त्या श्वासात मण्यातला आंबटपणा जळतो. रात्र उबदार असली की जास्त जळतो, आणि उरतो तो नुसता गुळचट रस, त्याची वाइन फिकी, जीव नसलेली. रात्र थंड असली की आंबटपणा टिकतो. खायच्या द्राक्षाला गोडी पुरते. वाइनच्या द्राक्षाला गोडी हवी आणि आंबटही हवं, दोन्ही एकाच मण्यात. फ्रान्सवाल्याला ते थंड डोंगर देतो. आम्हाला डोंगर कुठला, पाटसचा माळ. म्हणून आमच्याकडं थंडी ही जागा नसते, तारीख असते.

धाकट्यानं हे गणित दोन वर्षं कागदावर मांडलं. हा वाण छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत पिकतो. ५ ऑक्टोबरला छाटलं तर संक्रांत उलटल्यावर पंधरवड्यात तोडणी, म्हणजे शेवटचे तीस-चाळीस दिवस नेमके सगळ्या थंड रात्रींचे. तेच नोव्हेंबर उजाडू दिला तर फळ फेब्रुवारीच्या अखेरीला, मार्चला जाणार, आणि मार्चचं दौंडचं ऊन मी काय सांगू. तोच हिशोब थॉमसनवाल्याला जमत नाही असं नाही, पण त्याला भीती असते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस. घड फुलोऱ्यात आणि वरून पाऊस, की डाऊनीची बुरशी आलीच. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसानं नाशिकपासून इंदापूरपर्यंत फुलोऱ्यातले घड कुजवले, लोक डोक्याला हात लावून बसले. काटाबाची लेक तिथं तग धरते, म्हणून लवकरच्या तारखेचा जुगार खेळता येतो. आईचा दणकटपणा हा असा कामाला आला, थंडीपर्यंत पोचण्यासाठी. नुसती औषधं वाचतात हे अक्कांना पटलं नसतं, हे पटलं. त्यांनी मान हलवली, मण्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीनं माहेरची थंडी शोधून काढली म्हणायची."

"पहिल्या वर्षी नाही काढली," मी कबूल केलं. पहिल्या वर्षी डॉगरिजच्या खुंटावर भरलेली निम्मी कलमं जळाली. पाण्याचं आवर्तन लांबलं, आणि आम्ही बोअरचं खारट पाणी सोडलं. डॉगरिज खारं सोसतो म्हणतात; तो सोसतो हो, त्याच्यावर नुकतं बसवलेलं कलम कसं सोसेल? पुन्हा भरावी लागली. त्या दिवसांत धाकटा जेवताना बोलत नव्हता.

अक्कांना बोलायचं होतं ते अजून निघालंच नव्हतं. त्या फिरून फिरून तिथंच आल्या.

"पण घेणार कोण? तो रोटीच्या माळावरचा राजवाडा?"

आमच्या भागात वाइन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं रोटीचा तो राजवाडाच येतो. पाटसहून बारामतीकडं निघालं की रोटी घाट लागतो. वर माळावर फ्रान्समधून उचलून आणल्यासारखी दगडी इमारत, फोर सीझन्स वाइनरी. मल्ल्यांच्या कंपनीनं उभारली, पुढं मालकी बदलली. आणि त्याच घाटातून दरवर्षी आषाढीला तुकोबांची पालखी जाते. वरवंडचा मुक्काम उरकला की पाटसला विसावा, मग घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, टाळ-मृदुंग दुप्पट जोरात वाजतात, आणि पुढं उंडवडीच्या मुक्कामाची ओढ. आत्याबाई गुडघे शाबूत होते तोवर दरवर्षी रोटीपर्यंत चालत जायच्या. राजवाडा बांधला गेला तेव्हा त्यांनी तिकडं एकदा बघितलं होतं. "कोणाचा वाडा?" म्हणाल्या. कोणीतरी सांगितलं, कंपनीचा. "चांगला बांधलाय," म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. काय होतं तिथं, हे त्यांना सांगायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

गावात मात्र एका महिन्यात सगळ्यांना वाइनचं सगळं कळलं होतं. तो महिना २०२२चा जानेवारी-फेब्रुवारी. २७ जानेवारीला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि पारावर दोन तट पडले. एक म्हणाले द्राक्षवाल्याचं भलं होईल, दुसरे म्हणाले किराण्याच्या पिशवीतून बाटली घरात येईल. शिरूरच्या पलीकडं राळेगणला अण्णा हजारे १४ फेब्रुवारीपासून उपोषणाला बसणार होते, मग आदल्या दिवशी ते थांबलं. माझ्या माहेरी त्या पंधरा दिवसांत दुसरा विषय नव्हता, बिबट्याचाही नाही, आणि शिरूर तालुक्यात उसातला बिबट्या हा विषय मागं पडणं साधी गोष्ट नाही.

"रोटीला नाही देणार," मी अक्कांना सांगितलं. "रसवाला घेणार आहे, थोडं. उरलेलं आपण रस काढून बाटल्या भरायच्या."

"आन् रसवाल्यानं हात वर केले तर?"

ही भीती अक्कांची एकटीची नाही. २००१ साली सरकारनं वाइनचं धोरण आणलं, करात सूट दिली, तेव्हा किती लोकांनी हौसेनं शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ लावली. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, फ्रेंच पद्धतीची फसफसती ओमर खय्याम काढून परदेशी पाठवली होती, तिचं कौतुक ऐकून लोकांना वाटलं आता सोनं उगवणार. मग २००८ची मंदी. वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, द्राक्ष घ्यायला कुणी दार उघडेना. थॉमसन असतं तर हातगाडीवर तरी विकलं असतं, बेदाणा टाकला असता. शिराझचा मणी, बारीक, बियांचा, जाड सालीचा, बाजारात फुकट दिला तरी माणूस थुंकतो. नाशिककडं लोकांनी उभ्या बागा तोडल्या, बुंध्यांचं सरपण झालं. आमच्या एका नातेवाइकानं चार वर्षांची बाग तोडली आणि ऊस लावला. त्या उसाच्या कडेनं अजून एक वेल चुकून उगवते, तो ती दरवर्षी उपटतो.

म्हणूनच धाकट्यानं शिराझच्या वाटेला न जाता ही नंबराची पोर निवडली. ही रसाला चालते, जॅमला चालते, कुणी मागितली तर वाइनलाही चालते. तिचा संसार एकाच सासरावर अवलंबून नाही.

अक्का म्हणाल्या, "पुढारलेली हाय म्हणा."

तेवढ्यात धाकटा मोटारसायकलवरून आला आणि थेट बागेत शिरला. खिशातून गोडी मोजायचं यंत्र काढलं, लोक त्याला नुसतं ब्रिक्स मीटर म्हणतात. हातभर नाही, विताएवढी दुर्बीण. अक्कांना ते यंत्र बोरीचं ओळखीचं, तरी त्या तारेजवळ सरकल्या. त्यानं शेंड्याकडचा एक मणी तोडला, कारण शेंड्याचा मणी सगळ्यात मागं राहतो, तो पिकला तर घड पिकला. निळसर काळा, वरून पांढुरकी लव, बोटाचा ठसा उमटला की खालचा काळा चकाकणारा. त्यानं काचेवर तो चिमटीत पिळला. दोन थेंब जांभळे पडले, एक बी काचेला चिकटून राहिली, ती नखानं बाजूला केली. झाकण मिटलं आणि सूर्याकडं तोंड करून डोळ्याला लावलं.

"किती?" मी.

"सतरा." त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं. आत निळ्या आणि पांढऱ्याची सीमा सतराच्या रेघेवर थरथरत होती. आज छाटणीला बरोबर शंभर दिवस झाले होते.

अक्कांनी यंत्र मागितलंच नाही. त्यांनी आपल्या हातानं दुसरा मणी तोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले, बी गालात धरली. "साडेसतरा," म्हणाल्या. "उन्हाकडच्या बाजूचा." धाकट्यानं त्याच घडाचा त्याच बाजूचा मणी पिळला. साडेसतराच्या जरा वर. तो हसत बसला. मला मात्र राग आला, कारण इतकी वर्षं या बाईनं आपली ही विद्या कुंपणापलीकडं लपवून ठेवली.

"अजून दोन आठवडे थांब," अक्का त्याला म्हणाल्या. "वीसच्या पुढं जाऊ दे. पण जाळी आजच टाक, साळुंक्यांना तुझं यंत्र लागत न्हाई. आन् रात्री पाणी सोडू नकोस आता, गोडी पातळ होती."

"फ्रान्समध्ये एप्रिलात गारठा पडला की रात्रभर ओळींमध्ये मेणबत्त्या पेटवतात, आज्जी," धाकटा म्हणाला. "कोवळी फूट गोठू नये म्हणून."

"मेणबत्त्या कशाला? माझा भाऊ पाचट पेटवतो, धूर करतो. निफाडकडं बी तेच करतात. त्यांना उसाचं पाचट मिळत नसंल बिचाऱ्यांना."

भाकरी गार झाली होती. मी पातेलं रिकामं करून त्यात तिळाचे लाडू घातले आणि वर तीन घड ठेवून फटीतून परत दिलं. अक्कांनी घड वास घेऊन बघितले, नाक मुरडलं, आणि पदराखाली झाकले. "ऑक्टोबरात छाटशील तवा चार काड्या मला ठेव," धाकट्याला म्हणाल्या. "फेकू नकोस. भावाला दाखवते. त्याचं थॉमसन गुलाबी होतं तर होऊ दे म्हणावं, त्याच्या कडंनं हिला एक वळ." आणि मग, जाताजाता, मला: "वरवंडला काय सांगू?"

"सांगा, रस."

"रसच सांगते. कोल्ह्याचा रस."

इतक्यात घरातून आत्याबाईंचा आवाज आला. त्यांना या वयात दिसत कमी, पण ऐकू सगळं येतं, आणि आम्ही तासभर काय बोलत होतो ते त्यांनी ऐकलं होतं की नाही ते मला त्यांच्या सुरावरून कळेना.

"अगं, त्या दारूच्या झाडाला पाणी सोडलं का कोणी? लाईट आठला जायची!"